उन्हाळी धानाच्या बांदीत पाणी तुंबवून ठेवू नका

भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानाची रोवणी आटोपत आली आहे. अशा बांदीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे वर येतात. त्यात मुख्यतः मिथेन असतो. पाणी सतत तुंबले की चिखलातली हवा संपते आणि हवेविना जगणारे जिवाणू कुजणाऱ्या मुळ्या-धसकटांपासून हा वायू तयार करतात. त्यातला बराचसा धानाच्या पोकळ दांड्यातून थेट बाहेर पडतो.

कोळसा आणि डिझेल जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड हेच तापमानवाढीचे सर्वांत मोठे कारण. तो दोष धान पिकवणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. हवेत तो साधारण 12 वर्षेच टिकतो, म्हणून तो कमी केल्याचा गुण लवकर येतो. तापमानवाढीचा फटका धानालाही बसतो: फुलोऱ्यात पारा 35 अंशांपुढे गेला की दाणे पोचट राहतात, हे उन्हाळी धानवाल्यांना सांगायला नको.

उपाय स्वस्त आहे. चार ते सहा इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा घ्या, खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोके पाडा, तेवढा भाग बांधाजवळ जमिनीत ठोका आणि आतला चिखल काढा. रोवणीनंतर दोन आठवडे पाणी राहू द्या, नाहीतर तण माजते. पुढे पाइपातले पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरेपर्यंत मोटार सुरू करू नका. उतरले की 5 सेंमी पाणी द्या. वर बारीक भेगा दिसल्या तरी घाबरू नका, मुळांशी ओल असते. मात्र फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत बांदी अजिबात सुकू देऊ नका.

युरिया साचलेल्या पाण्यात फेकू नये. पाणी ओसरल्यावर, ओलिताच्या अगदी आधी द्यावा. वाया गेलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो मिथेनपेक्षाही कितीतरी पट जास्त तापवतो. रोवणी बाकी असेल तर ताजी तणस चिखलात गाडू नका, कुजलेले शेणखत घाला.

कालव्याच्या पाळीचा भरवसा नसेल तर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विहीर किंवा बोअर असलेल्यांनी मात्र या हंगामात निदान एका बांदीत पाइप बसवाच. या पद्धतीने मिथेन जवळपास निम्मा होतो, पाणीही वाचते, आणि नीट सांभाळले तर उतारा घटत नाही.