गुंता वेळीच सोडवा

आयाबहिणींनो, या धड्यात आपण केसांविषयी वाचणार आहोत. न्हाल्यावर लांब केस कसे वाळवावेत आणि कसे विंचरावेत, एवढाच विषय आहे. कोणी म्हणेल, "यात शिकायचं काय? आम्ही जन्मभर विंचरतोच आहोत." खरे आहे. पण विंचरताना केस तुटतात, त्याचे काय? मानेवर गुंता होतो, तो सुटत नाही, पुढे त्याची जट होते, त्याचे काय? एका जटेपायी पोरीबाळींच्या जन्माचे मातेरे झालेले आपल्या मुलुखाने पाहिले आहे. म्हणून हा धडा.

बाप्यांनो, तुम्हीही पान उलटू नका. हे बायकांचे काम म्हणून सोडू नका. घरात जट दिसली की पुढे काय करायचे, हे बहुधा तुम्हीच ठरवता. तेव्हा तुम्हीही वाचा.

केस म्हणजे काय?

केसाचे मूळ कातडीच्या आत असते. ते जिवंत असते. कातडीबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो, आपल्या नखासारखा. नख कापले तर दुखते का? नाही. केस कापला तरी दुखत नाही. दुखते ते मूळ ओढले गेले म्हणजे.

केस मुळाकडून वाढतो. तुटलेला केस तुटल्या जागी सांधत नाही. त्याची वाढ महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, फार तर अर्धा इंच. म्हणजे वर्षाला फार तर ६ इंच, अर्धा फूट. आता हिशेब करा. एका बाईचे केस ३ फूट लांब आहेत. तिच्या केसाचे टोक किती वर्षांचे झाले? निदान ६ वर्षांचे! इतकी वर्षे त्या टोकाने ऊन खाल्ले, घासणे सोसले. जुन्या लुगड्याचा पदर जसा विरतो, तसे ते टोक विरते. त्याला फाटे फुटतात. म्हणून सर्वांत जास्त जपायचे ते टोकाला.

केसावर बारीक खवले असतात. घरावर कौले असतात ना, एकावर एक, सारी उताराकडे तोंड करून? तसेच हे खवले. त्यांचे तोंड टोकाकडे असते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. विंचरताना निघालेला एक लांब केस घ्या. दोन बोटांच्या चिमटीत धरा. मुळाकडून टोकाकडे ओढा. गुळगुळीत लागेल. आता टोकाकडून मुळाकडे ओढा. खरखर लागेल. ही खरखर खवल्यांची.

केस ओला झाला की फुगतो. त्याचे खवले उचलले जातात. तो मऊ होतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओला कागद जसा ओढताच फाटतो, तसेच हे. म्हणून आमचे सांगणे एकच: ओल्या केसावर जोर करू नका.

न्हाण्याच्या आधी

काम न्हाण्याच्या आधीच सुरू होते. केस कोरडे असतानाच मोकळे करा. आधी विंचरून गुंता काढा, मग पाणी घ्या. गुंता तसाच ठेवून न्हाले तर तो पाण्याने घट्ट बसतो. दोरीची ओली गाठ सोडवायला किती जड जाते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

आदल्या रात्री किंवा दोन तास आधी खोबरेल तेल लावावे. आपल्या आज्या लावत होत्याच. आता शास्त्रानेही त्याला दुजोरा दिला आहे. खोबरेल केसाच्या आत मुरते, त्यामुळे पाण्याने केस कमी फुगतो. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी तीन तेले तपासली. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल. केसाची झीज कमी केली ती खोबरेल तेलानेच.

शिकेकाई लावा, रिठा लावा की साबण लावा, सारे केस डोक्यावर गोळा करून चोळू नका. डोक्याची कातडी बोटांनी चोळा. खालचे केस पाण्याबरोबर आपोआप स्वच्छ होतात. पाणी कोमट असावे, कढत नको.

केस वाळवणे

न्हाल्यावर आधी केसांतले पाणी निथळू द्या. मग केस मुठीत घेऊन वरून खाली हलके दाबत या. पिळू नका. केस म्हणजे धुणे नव्हे.

मऊ जुने सुती कापड घ्या. धोतराचे किंवा लुगड्याचे धडपे उत्तम. ते केसांभोवती गुंडाळा आणि दाबून पाणी टिपा. खरखरीत पंचाने खसाखसा पुसू नका. पुष्कळ जणी मान वाकवून पंचाने केस फटाफट झटकतात. पाणी उडते, पण केसही तुटतात आणि एकमेकांत गुंततात. ही सवय सोडा.

मग केस पाठीवर मोकळे सोडा. वारा लागू द्या. सकाळचे कोवळे ऊन चांगले. भर दुपारच्या उन्हात तासभर बसू नका. त्याने केस रखरखीत होतात. पावसाळ्यात संध्याकाळी न्हाऊ नका, सकाळी न्हा. म्हणजे निजेपर्यंत केस वाळतील. विजेच्या यंत्राने वाळवत असाल तर ते केसांपासून एक वीतभर दूर धरा आणि हलवत राहा. एकाच जागी गरम झोत सोडू नका.

ओल्या केसांचा अंबाडा घालू नका. आवळून वेणी घालू नका. ओला अंबाडा दिवसभर आतून वाळत नाही. त्याला कुबट वास येतो, डोके खाजते आणि आत गुंता होतो. शेतावर जायची घाई असेल तर सैल वेणी घाला. घरी आल्यावर सोडून पुन्हा वाळवा.

येथे दोन धोक्यांच्या गोष्टी सांगतो. त्या नीट वाचा.

पहिली गोष्ट. काही घरांत बाळंतिणीचे केस निखाऱ्याच्या शेगडीवर वाळवतात. थंडी लागू नये म्हणून दारेखिडक्या लावून घेतात. हे जिवावरचे आहे. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो आणि झोपेतच माणूस दगावतो. बाळ तर फार नाजूक. बाळंतिणीचे केस मऊ कापडाने टिपावेत आणि वाऱ्यावर वाळवावेत. शेगडी बंद खोलीत नकोच.

दुसरी गोष्ट. केस मोकळे सोडून मळणी यंत्र, पिठाची गिरणी किंवा उसाचा चरक यांच्याजवळ जाऊ नका. फिरत्या पट्ट्यात केसाची एक बट सापडली तर यंत्र थांबत नाही. डोक्याची कातडीच सोलून निघते. चुलीजवळही तसेच. केस वाळेपर्यंत या कामांना हात लावू नका. लावणे भागच असेल तर केस बांधून वर घट्ट फडके गुंडाळा.

केस विंचरणे

केस सरळ असतील तर ते बहुतेक वाळू द्या, मग विंचरा. कुरळे केस मात्र थोडे दमट असतानाच विंचरावेत. पूर्ण वाळल्यावर त्यांचा गुंता घट्ट होतो.

आता रीत पाहा.

१. आधी हाताची बोटे हेच तुमचे कंगवे. बोटांनी केस हलके मोकळे करा. मोठे गुंते बोटांना कळतात. कंगव्याला कळत नाहीत.

२. केसांचे तीन-चार भाग करा. एका वेळी एकच भाग पुढे घ्या.

३. रुंद दातांचा कंगवा घ्या. बारीक दातांची फणी आता नको. फणी उवा-लिखा काढायला. ती गुंता सुटल्यावर चालवावी.

४. टोकाकडून सुरुवात करा. शेवटचे चार बोटे केस आधी विंचरा. ते मोकळे झाले की चार बोटे वर सरका. असे करत मुळापर्यंत या.

५. गुंता आला तर त्याच्या वरचा केस मुठीत धरा. म्हणजे ओढ हाताला बसेल, मुळाला बसणार नाही.

बहुतेक जणी भांगापासून खाली एकदम कंगवा ओढतात. मग काय होते? वरचे लहान लहान गुंते खाली ढकलले जातात. खाली ते एक होतात आणि मोठी गाठ बसते. मग आपण हिसका देतो. केस तुटतात. लहान मुलगी रडते आणि पुढे कंगवा पाहिला की पळते. टोकाकडून विंचरले तर एकेक गुंता जागच्या जागी सुटतो. वेळही कमी लागतो. आजच लेकीचे डोके घेऊन बसा आणि पाहा.

विंचरताना थोडे केस निघणारच. रोज ५० ते १०० केस गळणे हे नेहमीचे आहे. न्हाल्या दिवशी अडकलेले सारे एकदम निघतात, म्हणून जास्त दिसतात. घाबरू नका. कंगवा ज्याचा त्याने वापरावा आणि न्हाण्याच्या दिवशी साबणाच्या पाण्यात धुवावा.

जट कशी होते?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. गळालेला केस नेहमी खाली पडतोच असे नाही. तो अंबाड्यात, वेणीत अडकून राहतो. रोज विंचरले तर कंगव्याबरोबर निघून येतो. विंचरले नाही तर तो शेजारच्या केसांना वेढे घालतो. त्यात तेल, घाम आणि धूळ मिसळते. मानेमागे, जिथे उशी घासते, तिथे गाठ होते. तिची पुढे दोरी होते. तीच जट.

जट बहुधा कधी होते ते पाहा. बाई लांबच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा. बाळंतपणानंतर, तेव्हा. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात. काही महिन्यांनी ते आपोआप थांबते. पण तेव्हाच बाई बाळाच्या मागे असते. तिला विंचरायला सवड नसते. बरोबर त्याच वेळी गुंता होतो.

मग घरात काय बोलणे होते?

सून म्हणते, "आत्याबाई, मानेवरचा गुंता काही सुटेना."

सासू म्हणते, "हात लावू नकोस गं. देवी आली असंल. हळदकुंकू लाव."

तेवढ्यात आशाताई येते. ती म्हणते, "आत्याबाई, देवीला हात जोडा, पण गुंत्याला तेल लावा. तेलानं सुटला तर तो गुंताच की नाही?"

हळदकुंकू लावून गुंता तसाच ठेवला तर काय होते? विंचरणे बंद. न्हाणे बंद. जट वाढते, जड होते. मान दुखते. आत उवा होतात, खाज सुटते, नीट झोप येत नाही. लोक कुजबुजतात. मुलीचे लग्न अडते. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या भागात तर जट दिसली म्हणून मुलींना यल्लम्मा देवीला सोडले गेले. त्या देवदासी झाल्या. एका न विंचरलेल्या गुंत्यापायी पोरीचे घरदार गेले.

मुलीला देवाला सोडणे हा गुन्हा आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली यासाठी कायदे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, बाईची आणि घरच्यांची समजूत घालून, अनेकींच्या जटा काढल्या आहेत.

कोणी विचारील, "जट कापली तर कोप होईल ना?" याचा विचार आपणच करू. जट काढली आणि पुढे रोज विंचरले तर ती पुन्हा होत नाही. विंचरणे सोडले तर पुन्हा होते. मग जट कोणाची? देवीची की न विंचरण्याची? देवीवर श्रद्धा जरूर ठेवा. ओटी भरा. पण आईने लेकराच्या डोक्यावर दुखणे पाठवले, असे म्हणू नका.

गुंता झालाच तर काय करावे?

लहान गुंता असेल तर केस कोरडे असतानाच त्यावर खोबरेल तेल भरपूर चोळा. रात्रभर मुरू द्या. सकाळी खालच्या टोकाकडून बोटांनी एकेक केस सोडवा. घाई नको. एका बैठकीत सुटला नाही तर दुसऱ्या दिवशी बसा. मोठी जट झाली असेल तर ती कात्रीने कापावी. केस निर्जीव असतो, कापताना दुखत नाही. डोक्याला जखम किंवा पू असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.

घरात कोणी आजारी असेल, बाळंतीण असेल, तर तिच्या केसांना दुसऱ्याने कंगवा लावावा. सासूने लावावा, नणंदेने लावावा. नवऱ्याने लावला तरी काही कमीपणा नाही. रोजची दहा मिनिटे पुरतात. त्या दहा मिनिटांत एका बाईची मान वाचते आणि एखाद्या पोरीचा जन्मही.

ध्यानात ठेवा

ओल्या केसावर जोर करू नका.
पिळू नका, झटकू नका, टिपून घ्या.
आधी बोटे, मग रुंद दातांचा कंगवा.
विंचरणे टोकाकडून, मग वर वर.
ओला अंबाडा घालू नका.
जट म्हणजे न सुटलेला गुंता.

प्रश्न

१. ३ फूट लांब केसाचे टोक किती वर्षांचे असते? हिशेब करून दाखवा.
२. न्हाण्याच्या आधी केस का विंचरावेत?
३. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी का ठेवू नये?
४. भांगापासून एकदम खाली कंगवा ओढला तर काय होते?
५. तुमच्या गावात कोणाला जट आहे का? तिच्या घरी हा धडा वाचून दाखवा.