समाजमंदिराचा नकाशा : वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी काही विचार



प्रस्तुत विषयावर लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. काहीही नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून. आमचा संबंध पासबुकांशी आणि व्हाउचरांशी. परंतु गेली पाच वर्षे आमची पुतणी वास्तुकलेचे शिक्षण घेत होती व तिचे कागद आमच्याच घरात, जेवणे आटोपल्यावर, जमिनीवर पसरत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने 'समाजमंदिर व अभ्यासिका' हा विषय घेतला आणि जागा धरली ती आपल्या संस्थेच्या मोकळ्या भूखंडाची. त्या निमित्ताने आम्ही जे पाहिले, वाचले आणि शिकलो ते येथे मांडत आहोत. आज ना उद्या त्या भूखंडावर खरी इमारत उभी राहायची आहे. पैसा आपल्या सर्वांच्या वर्गणीचा आहे. म्हणून हा विषय केवळ विद्यार्थ्यांचा नाही.

'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ

इमारत सार्वजनिक आहे, हे आपण सहज बोलून जातो. या शब्दासाठी आपल्या मागच्या पिढ्यांना काय मोजावे लागले, ते आधी आठवले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आला.

याचा वास्तुकलेशी काय संबंध? आमच्या मते फार जवळचा आहे. कायद्याने दार उघडले तरी ते दार कुठे आहे, किती रुंद आहे, त्याच्यापुढे किती पायऱ्या आहेत, हे नकाशा काढणारा ठरवतो. कायद्याने दिलेला प्रवेश नकाशातली एखादी चुकीची रेघ परत काढून घेऊ शकते.

पहिला नकाशा

पुतणीने काढलेला पहिला नकाशा पाहून आम्ही घरचे सर्व खूश झालो. मधोमध भव्य घुमट, समोर तोरण, रुंद पायऱ्या. महाविद्यालयात मात्र तिच्या सरांनी तीनच प्रश्न विचारले : चपला कुठे काढायच्या? पावसात लोक कुठे उभे राहणार? आणि कार्यक्रम नसेल त्या दिवशी येथे कोण येणार? ती घरी आली ती रडवेली होऊन. "काका, मी फक्त बाहेरून दिसणारी इमारत काढली," ती म्हणाली.

तिच्या सरांनी घुमट नको असे म्हटले नव्हते. घुमट कशासाठी, हे सांग, असे म्हटले होते. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून माहिती काढली. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट आहे. अशोककालीन विटांच्या स्तूपाभोवती नंतरच्या काळात दगडी बांधकाम करून तो वाढवला गेला. तो आतून भरीव आहे. त्याच्या आत जायचे नसते, भोवती प्रदक्षिणा करायची असते. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप सांचीवरून सुचलेला, घुमटाचा व्यास तोही १२० फुटांच्या आसपास. पण वास्तुविशारद शिवदान मल यांनी तो पोकळ ठेवला. १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जेथे १९५६ साली लाखो माणसे एकत्र आली, तेथील स्तूपात माणसांना आत जाता आले पाहिजे, एकत्र बसता आले पाहिजे. तोच आकार, परंतु गरज निराळी, म्हणून रचना निराळी.

विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे की, जुन्या वास्तूचा अभ्यास म्हणजे तिच्या आकाराची नक्कल नव्हे. तो आकार कोणत्या गरजेतून आला हे शोधणे म्हणजे अभ्यास. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले तेव्हा त्या घरात ग्रंथांच्या जागेचा विचार आधी होता. गरज ठाऊक असलेला माणूस घर कसे बांधतो, त्याचे ते उदाहरण आहे.

जागेची पाहणी

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात नकाशाआधी जागेची पाहणी करावी लागते. ही गोष्ट आपल्याला नवी वाटायला नको. श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक बुद्धांसाठी विहाराची जागा शोधत होता, त्याचे वर्णन विनयपिटकात आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोयीची असावी. दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. या कसोट्यांवर त्याने जेत राजकुमाराचे उद्यान निवडले. अंतर, रस्ता, वर्दळ, आवाज : आजचा विद्यार्थी पाहणीच्या वहीत हेच तर लिहितो!

पुतणीने काय केले ते सांगतो. सलग काही दिवस ती सकाळ, दुपार, संध्याकाळ भूखंडावर जाऊन बसली. पाणी कुठे साचते, सावली कुठे पडते, बायका कोणत्या वाटेने ये-जा करतात, मुले कुठे खेळतात, म्हातारी माणसे कोणत्या दगडावर टेकतात, हे तिने टिपले. तिच्या वहीत असे निघाले की, भूखंडाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली रोज संध्याकाळी माणसे बसतात. पहिल्या नकाशात तिने तेच झाड तोडून तोरण उभे केले होते.

दिशाही पाहिल्या. शुभाशुभासाठी नव्हे, सूर्य आणि वारा यांच्यासाठी. आपल्याकडे उत्तरेचा उजेड सौम्य व दिवसभर जवळपास सारखा असतो, म्हणून अभ्यासिकेच्या खिडक्या उत्तरेला. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, म्हणून जिना, कोठार, स्वच्छतागृहे त्या बाजूला. नैऋत्येकडून पाऊस झोडपतो, म्हणून तिकडे ओसरी आणि खोल छज्जा. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या दिल्या की वारा आरपार जातो आणि पंख्यांचे बिल कमी येते. हे शेवटचे वाक्य अर्थातच आमचे, कारकुनाचे.

मापे

आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाखेत होतो ती पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येत. जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यांना २२ पायऱ्या चढाव्या लागत. एक आजी दरवर्षी खालच्या पायरीवर बसून राहत आणि आम्ही फॉर्म घेऊन खाली जात असू. आम्हाला वाटे, आपण उपकार करतो आहोत. पुतणीचा नकाशा पाहताना प्रथमच कळले की, चूक आजींच्या गुडघ्यांची नव्हती, इमारतीची होती.

आता मापे पाहू. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल टेकायची रुंदी ३०० मिलिमीटर तरी हवी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे जोते २ फूट उंच असेल तर २४ फूट लांबीचा उतार. दार किमान ९०० मिलिमीटर. स्वच्छतागृहात खुर्ची वळायला ५ फूट व्यासाची मोकळी जागा. सार्वजनिक इमारतींत अशा सोयी करणे हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही बंधनकारक केले आहे.

२४ फुटांचा उतार ऐकून आम्ही म्हणालो, "अगं, तो मागच्या बाजूला टाक. पुढे पायऱ्याच शोभतील." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, आपल्या माणसांना मागच्या दाराने या, असं किती वर्षं सांगितलं गेलं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. शेवटी तिने उतार पुढेच घेतला, मधे सपाट टप्पा देऊन कडुनिंबाच्या बाजूने वळवला आणि ओसरीला जोडला. सर्वांचे दार एकच.

सभागृहाचे मापही तिने घरीच काढले. आम्हा सर्वांना मांडी घालून बसवले आणि टेपने मोजले. माणशी अडीच फूट रुंद व तीन फूट खोल, म्हणजे साडेसात चौरस फूट. १०० माणसांना ७५० चौरस फूट. मधली वाट व पुढचा मंच धरून हजार चौरस फुटांत भागते. पहिल्या नकाशातले सभागृह याच्या तिप्पट होते व अभ्यासिकेला जागाच उरली नव्हती.

वर्गणीची इमारत

पैसा एकदम जमत नाही, हे आपण सर्व जाणतो. कार्ले येथील चैत्यगृह पाहा. साधारण ४५ फूट रुंद आणि जवळपास तितकेच उंच असे ते दालन एका राजाच्या तिजोरीतून उभे राहिलेले नाही. तेथील खांबांवर दात्यांचे शिलालेख आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावच्या लोकांचे, काही यवनांचेही, उल्लेख आहेत. दाराच्या कामाशी एका गंध्याचे व एका सुताराचे नाव जोडलेले आहे. कुणी खांब दिला, कुणी दार दिले. आपल्या पावतीपुस्तकाची परंपरा दोन हजार वर्षांची आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

टप्प्याटप्प्याने बांधायचे तर रचना तशी हवी. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी रचले, ते १९६३ साली पूर्ण झाले. सुमारे ६ मीटर चौरसाचे छोटे छोटे भाग, विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, मधे मोकळी अंगणे. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत. एका भागाला दुसरा भाग पुढे जोडता येतो. पुतणीने यावरून धडा घेतला. पहिल्या टप्प्यात अभ्यासिका, स्वच्छतागृहे व ओसरी, दुसऱ्यात सभागृह, तिसऱ्यात वरचा मजला. पहिला टप्पा झाला की त्याच दिवशी मुलांना बसता येईल. कळस होईपर्यंत थांबायला नको.

पाण्याचा विचार तिने कान्हेरीवरून घेतला. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जागोजागी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींतून या टाक्यांत साठवला जाई. आपल्या छपराचे पाणी गटारात का जावे?

किल्ली कुणाकडे?

शेवटचा मुद्दा नकाशात दिसत नाही, तरी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्या लहानपणीच्या वस्तीत एक समाजमंदिर होते. चौदा एप्रिलला उघडे, बुद्धपौर्णिमेला उघडे, कुणाच्या लग्नाला उघडे. एरवी कुलूप. दहावीच्या वर्षी आम्ही आठ जण शाळेच्या व्हरांड्यातल्या एका दिव्याखाली अभ्यास करत होतो आणि पन्नास पावलांवर ते सभागृह अंधारात होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते वाईट नव्हते. मुलांनी खराब केले तर जबाबदारी कुणाची, ही त्यांची काळजी होती. आमच्या आठांपैकी तिघे दहावीला अडकले आणि पुन्हा बसले नाहीत.

म्हणून पुतणीच्या नकाशात अभ्यासिकेला रस्त्यावरून स्वतंत्र दार आहे. सभागृहाला कुलूप असले तरी अभ्यासिका पहाटे उघडता येते. दोन्हींच्या मधे कोठार व जिना आहे, म्हणजे लग्नाचा आवाज थेट मुलांच्या डोक्यावर आदळत नाही. किल्लीसंबंधी आमची सूचना बँकेतली आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्या दोघांनी मिळूनच उघडायच्या. अभ्यासिकेच्याही दोन किल्ल्या असाव्यात, पण येथे नियम उलटा : दोघांपैकी कुणीही एकट्याने उघडावी. एक किल्ली संस्थेच्या सदस्याकडे, दुसरी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीकडे.

मध्यंतरी हा नकाशा कार्यकारिणीपुढे ठेवला. "घुमट कुठे आहे?" हा पहिला प्रश्न अपेक्षित होताच. तिने सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर कार्ल्यासारखे नालाकृती गवाक्ष दाखवले. त्यातून येणारा उजेड मूर्तीवर पडतो. घुमट तिसऱ्या टप्प्यानंतर करता येईल अशी तजवीजही ठेवली आहे. काहींना हे पटले, काहींना नाही. मग मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "पोरी, बायकांचं संडास कुठं हाय?" तिने बोट ठेवून दाखवले. आजींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग बांधा." निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.

वास्तुकला शिकणाऱ्या मुलामुलींना आमची विनंती आहे की, आपापल्या वस्तीतले समाजमंदिर, शाळा, दवाखाना एकदा टेप घेऊन मोजा. शंभर माणसांसाठी काढण्यापूर्वी एका म्हातारीचा पूर्ण दिवस पाहा. सदस्यांना विनंती की, येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी कार्यालयात लावलेला नकाशा पाहून जावे, आणि पाहताना आपल्या घरातले सर्वांत थकलेले माणूस व सर्वांत अभ्यासू मूल डोळ्यांपुढे आणावे. त्या दोघांना आपापली जागा सापडली तर नकाशाला मत द्यावे. सापडली नाही तर तसे लेखी कळवावे. पेन्सिलीची रेघ आज खोडता येते. भिंत उभी राहिल्यावर येत नाही.

जय भीम!