मिनिटांचा घाऊक व्यापार

व्यापारी बांधवांनो, आपण कापड मीटरने विकतो, तर टेलिफोनचा कॅरियर बोलण्याची मिनिटे विकतो. एका कंपनीकडून आलेला कॉल तो इंटरनेटवरून पुढच्या कंपनीच्या हवाली करतो आणि दोन दरांतील फरकावर कमावतो. जुन्या पद्धतीत एका कॉलसाठी ६४ किलोबिटची वाट अडून राहत असे. जी.७२९ पद्धतीत तोच आवाज दाबून ८ किलोबिटचा होतो, वरची बांधणी धरली तरी सुमारे २४. म्हणूनच धंदा स्वस्त झाला. कॉल कुठून पाठवायचा हे ठरविणारे आणि सेकंदांची नोंद ठेवणारे सॉफ्टस्विच म्हणजे या पेढीचा मुनीम.

हिशोब मात्र नीट समजून घ्यावा. समजा, खरेदी ९० पैसे व विक्री १ रुपया मिनिट. एक लाख मिनिटांवर नफा दहा हजार. पण एका गिऱ्हाइकाने तेवढ्याच मालाचे पैसे बुडविले, तर पुढच्या कंपनीचे नव्वद हजार तुमच्या अंगावर. ते भरून काढायला नऊ लाख मिनिटे विकावी लागतील! ग्रे कापडाच्या उधारीत हात पोळलेल्यांना हे जास्त सांगायला नको. कापड निदान परत मागता येते, बोललेले मिनिट नाही.

दुसरा खड्डा मापाचा. खरेदी पूर्ण मिनिटाच्या मापाने आणि विक्री सेकंदाने केली, तर ६१ सेकंदांच्या कॉलला तुम्ही १ रुपया ८० पैसे देता आणि मिळतात जेमतेम १ रुपया २ पैसे. शिवाय चोर रात्री गिऱ्हाइकाचा पासवर्ड फोडून महागड्या देशांना कॉल लावतात. म्हणून प्रत्येक खात्याला रोजची मर्यादा हवीच.

परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. परदेशी कॉलवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ मध्ये संपली, परवान्याची अट संपली नाही. स्वतःचे जाळे नसलेल्यांसाठी २०१६ मध्ये व्हीएनओ परवाना आला. कुणी रिकामा गाळा भाड्याने मागेल, वीज आणि इंटरनेट हवे, यंत्राकडे पाहू नका म्हणेल. ती बहुधा सिमबॉक्स असते. परदेशी कॉल स्थानिक म्हणून उतरविण्याची ही चोरी आहे. विनापरवाना सेवेला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

२०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू झाल्यापासून बरेच घरगुती कॉल तिकडे वळले. उरले ते कंपन्यांचे आणि कॉल सेंटरचे काम. त्यात उतरायचेच असेल, तर पहिले सहा महिने आगाऊ पैसे घेतल्याशिवाय एकही मिनिट देऊ नये.