संवेदनशील शासकीय संशोधन आणि गुप्ततेचा कायदा

शासनाच्या खर्चाने चालणारे संशोधन ही एका अर्थी जनतेची मालमत्ता होय. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र असो, पुण्यातील संरक्षणविषयक प्रयोगशाळा असोत किंवा कृषी विद्यापीठांतील बियाण्यांचे प्रयोग असोत, त्यांसाठी लागणारा पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच येतो. तथापि या संशोधनाचा काही भाग असा असतो की, त्याचा तपशील अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडल्यास देशाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचू शकतो. म्हणून त्याभोवती कायद्याचे कुंपण घालण्यात आले आहे. हे कुंपण नेमके कोठे सुरू होते व कोठे संपते, याची कल्पना मात्र अनेक कार्यालयांत स्पष्ट नसते. कोणी प्रत्येक कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून मोकळा होतो, तर कोणी खरोखरीच जपण्याजोगा नकाशा टेबलावर उघडा टाकून जेवायला जातो. या दोन्ही गोष्टी कायद्याला अभिप्रेत नाहीत.

संशोधनात जपण्यासारखे काय असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. विज्ञानाची मूळ तत्त्वे जगभर छापली जातात. ती कोणालाही लपवता येत नाहीत. लपवण्याजोगे असते ते त्यांच्या पुढचे: कोणता मिश्रधातू किती तापमानास टिकला, कोणती रचना फसली, किती इंधन वापरले गेले, यंत्रणेचा कोणता भाग दुबळा आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंदवहीसुद्धा मोलाची असते, कारण ती वाचणाऱ्याची कित्येक वर्षे वाचतात. अमेरिकेने ऑगस्ट १९४५ मध्ये अणुबाँबनिर्मितीसंबंधी प्राध्यापक स्माइथ यांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यामागील एक हेतू हाच होता. काय बोलावयास हरकत नाही आणि कशाविषयी मौन पाळावयाचे, याची सीमारेषा शास्त्रज्ञांना आखून मिळाली. गुप्तता राखावयाची असेल तर आधी उघड काय आहे ते सांगावे लागते.

१९२३ चा अधिनियम

आपल्याकडील मूळ कायदा म्हणजे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. त्यापूर्वी १८८९ चा कायदा होता व लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, तो अधिक कडक करण्यात आला होता. १९२३ च्या अधिनियमात दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ३ हेरगिरीविषयी आहे. राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाधक अशा हेतूने निषिद्ध स्थळी जाणे, शत्रूला उपयोगी पडेल असा आराखडा तयार करणे, अशी माहिती मिळवणे वा ती दुसऱ्यास कळवणे हे त्याखाली गुन्हे ठरतात. संरक्षणविषयक कामाशी संबंध असल्यास चौदा वर्षांपर्यंत व इतर बाबतींत तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

कलम ५ मात्र प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याने वाचावे असे आहे. पदामुळे हाती आलेली किंवा विश्वासाने सोपवलेली माहिती अनधिकृत व्यक्तीस देणे हा त्याखाली गुन्हा आहेच. पण अधिकार नसताना ती स्वतःजवळ ठेवणे आणि तिची योग्य काळजी न घेणे, हेही गुन्हे आहेत. म्हणजे हेतू वाईट नसला तरी निष्काळजीपणा भोवू शकतो. माहिती स्वीकारणाराही सुटत नाही. ती या अधिनियमाचे उल्लंघन करून दिली जात आहे, हे त्याला ठाऊक असले किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असले तर तोही दोषी ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही.

या अधिनियमाचा मोठा दोष असा की, ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्याच त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात असा अर्थ लावला की, कलम ३ मधील ‘गुप्त’ हे विशेषण सांकेतिक शब्द व परवलीचे शब्द यांनाच लागू आहे. नकाशे, आराखडे यांना ते लागू नाही. शत्रूला उपयुक्त ठरणारा आराखडा गुप्त म्हणून नोंदलेला नसला तरी तो या कलमाखाली येऊ शकतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा अर्थ समजण्यासारखा आहे. परंतु प्रामाणिक संशोधकापुढे त्यामुळे प्रश्न उभा राहतो की, आपण नेमके काय जपावयाचे?

अणुसंशोधनासाठी वेगळा कायदा

हा प्रश्न स्वतंत्र भारतात फार लवकर विचारला गेला. १९४८ मध्ये अणुऊर्जेचे पहिले विधेयक संविधान सभेपुढे कायदेमंडळ या नात्याने आले, तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी आक्षेप घेतला की, ब्रिटनच्या कायद्यातील गुप्तता संरक्षणविषयक बाबींपुरती आहे, तर आपल्या विधेयकात ती शांततेसाठी केलेल्या संशोधनावरही लादली जात आहे. पंडित नेहरूंनी उत्तरादाखल कबुली दिली की, या दोहोंत भेद कसा करावा हे आपणास कळत नाही. ही अडचण अजूनही पुरती सुटलेली नाही.

पुढे अणुऊर्जा अधिनियम, १९६२ आला. त्याच्या कलम १८ ने केंद्र शासनास आदेश काढून अणुऊर्जेचे संयंत्र, त्याचा उद्देश, ते चालवण्याची पद्धत व त्यातील प्रक्रिया यांसंबंधीच्या माहितीवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. मात्र त्याच कलमात असेही होते की, जी माहिती कायदेशीर मार्गाने आधीच सर्वसाधारण जनतेस उपलब्ध झाली आहे, ती पुन्हा सांगणे गुन्हा नव्हे. आदेश कोण काढणार, कशाविषयी काढणार आणि काय वगळणार, या तिन्ही गोष्टी येथे लेखी होत्या. १९२३ च्या कायद्याहून ही रचना निश्चितच सुधारलेली म्हणावी लागेल. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेसंबंधी नवा कायदा संमत केला असून १९६२ च्या अधिनियमाची जागा त्याने घ्यावी, अशी योजना आहे. माहितीवर निर्बंध घालण्याचा केंद्र शासनाचा अधिकार त्यातही आहे.

दोन शास्त्रज्ञांच्या कहाण्या

कायद्याची भाषा आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर पडू शकते, हे दोन प्रकरणांवरून दिसते. नौदलातून निवृत्त झालेले अभियंता कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना मे १९८८ मध्ये मुंबई विमानतळावर अमेरिकेस निघाले असता अटक झाली. त्यांच्या सामानात जी कागदपत्रे मिळाली, त्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेस पीएच.डी.साठी सादर केलेला त्यांचा स्वतःचा प्रबंध होता. शासकीय गुपिते अधिनियम व अणुऊर्जा अधिनियम या दोन्हींखाली त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. आपली बाजू त्यांनी न्यायालयात स्वतःच मांडली आणि अखेर त्यांची आरोपांतून मुक्तता झाली. ज्या प्रबंधावर एका राष्ट्रीय संस्थेने पदवी दिली, तोच गुपित कसा ठरला, हे कोणत्याही प्राध्यापकास कोडे वाटेल.

दुसरे प्रकरण भारतीय अंतराळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचे. क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचे तंत्र परकीयांना विकल्याच्या आरोपावरून केरळ पोलिसांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांना अटक केली. सुमारे ५० दिवस ते कोठडीत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्ये आरोप खोटे असल्याचा अहवाल न्यायालयास दिला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. यातील ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, ज्या तंत्राची विक्री झाली असे म्हटले गेले, ते तंत्र त्या वेळी भारताच्या हाती पूर्णपणे आलेलेच नव्हते. रशियाबरोबरच्या करारातील तंत्रहस्तांतर अमेरिकेच्या दडपणामुळे १९९३ मध्ये थांबले होते आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन बसवलेल्या प्रक्षेपकाचे पहिले यशस्वी उड्डाण जानेवारी २०१४ मध्ये झाले. काय गुप्त आहे आणि ते आपल्याजवळ आहे काय, हे जाणकारांस विचारण्याची तसदी प्रारंभीच घेतली गेली असती तर एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याची अशी धूळधाण झाली नसती.

यावरून हेरगिरी होतच नाही असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. मे २०२३ मध्ये पुण्यातील एका संरक्षण संशोधन आस्थापनेच्या संचालकास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने याच अधिनियमाखाली अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे. पण संगणक व भ्रमणध्वनी यांच्या युगात ओळख वाढवून माहिती काढण्याचे मार्ग किती सोपे झाले आहेत, याची जाणीव प्रत्येक आस्थापनेस असावी.

माहितीच्या अधिकारानंतर

महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला होता. २००५ मध्ये केंद्रीय अधिनियम आला. त्याच्या कलम ८(१)(क) मध्ये देशाची सुरक्षितता, सामरिक हित यांच्या जोडीने ‘वैज्ञानिक’ हितास बाधक ठरणारी माहितीही नाकारता येते. परंतु कलम ८(२) म्हणते की, प्रकटीकरणातील लोकहित संभाव्य हानीपेक्षा अधिक असेल तर १९२३ चा अधिनियम असतानाही माहिती देता येईल. राफेल विमानांच्या खरेदीसंबंधीच्या कागदपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये या तरतुदीचा आधार घेतला.

माझ्या मते याहूनही महत्त्वाचे आहे ते कलम १०. दस्तऐवजाचा गुप्त भाग वेगळा काढून उरलेला भाग द्यावा, असे ते सांगते. याचे मोल कळण्यास २००४ मधील एक निकाल पाहावा. अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ मध्ये देशातील अणुसंयंत्रांच्या सुरक्षाविषयक उणिवांवर एक अहवाल तयार केला होता. तो जाहीर व्हावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज व बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे यश आले नाही व जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ वैध ठरवून अहवाल गुप्त ठेवण्यास मान्यता दिली. अशा अहवालात विखंडनक्षम पदार्थाच्या साठ्याचा अंदाज देणारे आकडे असू शकतात, हे खरे. पण पाइप गंजले आहेत काय, हा प्रश्न त्या आकड्यांपासून वेगळा काढता येण्याजोगा आहे. फाइल अखंड गुप्त किंवा अखंड खुली, एवढेच दोन पर्याय तेव्हा समोर होते. पुढच्याच वर्षी तिसरा मिळाला.

तरीही दोन उणिवा राहिल्याच. संरक्षण संशोधन व विकास संघटना कलम २४ खाली, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप सोडल्यास, सबंधच वगळली आहे. तेथे माहितीचे नव्हे तर संस्थेचे नाव निर्णायक ठरते. तसेच वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली करणाऱ्या कलम ८(३) मधून ८(१)(क) चा अपवाद आहे. त्यामुळे वैज्ञानिक गुपिताला मुदतच उरत नाही. द्वितीय प्रशासनिक सुधारणा आयोगाने जून २००६ मध्ये १९२३ चा अधिनियम रद्द करून आवश्यक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात, अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात अधिकाऱ्याने शिक्का मारताना कोणता परिच्छेद कोणत्या कारणास्तव गोपनीय आहे, हे टिपणीत लिहून ठेवावे. पुढे अर्ज आला की कलम १० चे काम निम्म्याने हलके होते. महाविद्यालयीन शिक्षकांनी प्रायोजित संशोधनाचा करार वाचूनच विद्यार्थ्यास विषय द्यावा. एखादा शोध पेटंटयोग्य वाटला तर भारतात राहणाऱ्यास पेटंट अधिनियमाच्या कलम ३९ नुसार परवानगीवाचून थेट परदेशात अर्ज करता येत नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते, हेही ध्यानी ठेवावे. तारापूर परिसरातील ग्रामपंचायतींचा प्रश्न निराळा आहे. अणुभट्टीच्या अंतर्गत रचनेची माहिती त्यांना मिळणार नाही व तिची त्यांना गरजही नाही. परंतु केंद्राभोवतालच्या १६ किलोमीटर क्षेत्रासाठी आपत्कालीन योजना करावी लागते व केंद्राबाहेरील व्यवस्थेची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. भोंगा वाजल्यावर कोणत्या रस्त्याने निघावयाचे, निवारा कोणत्या शाळेत आहे, आयोडीनच्या गोळ्या कोणाकडे मिळतील, हे जिल्हाधिकारी कार्यालयास लेखी विचारावे व मिळालेले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. उत्तर नाकारले गेलेच तर कोणत्या कलमाखाली, हे अर्जदारास लेखी कळवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.