सिलिंडरचे टोपण : आट्यांचे काम व कड्याचे काम

काही वर्षांपूर्वी रब्बीच्या तोंडावर आमच्या एका शेजाऱ्यांच्या पलटी नांगराचा सिलिंडर गळू लागला. दांडा जेथून बाहेर येतो त्या टोकाच्या आटेदार टोपणाभोवती तेल पाझरत होते. प्रस्तुत लेखक विज्ञानाचा शिक्षक म्हणून सल्ल्यास गेला, व आम्ही दोघांनी पान्ह्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून ते टोपण सर्व बळ लावून आवळले. गळती थांबली नाही; नळकांड्यातील आटे मात्र गेले. नवे नळकांडे येईपर्यंत जमिनीतली ओल उडून गेली. ती चूक नेमकी कोणती, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

प्रथम टोपणावर भार किती येतो ते पाहू. नळकांड्याचा आतील व्यास ५ सें.मी. व दांड्याचा २.५ सें.मी. धरल्यास, दांड्याची जागा वजा जाता सुमारे १४.७ चौ. सें.मी. क्षेत्र उरते. तेलाचा दाब दर चौ. सें.मी.स १५० किलो असता टोपणास बाहेर ढकलणारा भार २,२०० किलोंहून अधिक, म्हणजे २२ क्विंटल होतो! हा भार पेलणे हे आट्यांचे काम. तेल अडविणे हे त्यांचे काम नव्हेच. आट्यांत फट असतेच, व ती मळसूत्राप्रमाणे फिरत बाहेर येते. तेल अडवावयाचे ते रबरी कड्याने, म्हणजे ओ-रिंगने. आम्ही कड्याचा दोष आट्यांना शिक्षा करून दूर करू पाहत होतो.

हा घोटाळा जुनाच आहे. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा दट्ट्याभोवतीची गळती ही त्याची मोठी अडचण होती. भरण घट्ट आवळावे तर पाणी थांबे, पण दट्ट्याही अडकून बसे. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने यावर चामड्याची वाटीसारखी वळलेली पट्टी योजली असे सांगतात. पाण्याचा दाब वाटीत शिरून तिच्या कडा भिंतीवर दाबी. दाब गेला की पकड सैल होई. नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन संशोधकास १९३९ साली ज्या ओ-रिंगचे पेटंट मिळाले, तीही दाबानेच फटीच्या तोंडाशी अधिक घट्ट बसते. मात्र आरंभीची थोडी दाबणी तिला लागते, व ती खाचेच्या खोलीने ठरते. ३.५ मि.मी. जाडीच्या कड्यास २.८ मि.मी. जागा दिली तर ते पंचमांश दबते. रबर दबते म्हणजे आकसत नाही, बाजूस पसरते. म्हणून खाच रुंदीला मोकळी हवी.

टोपण धातूवर धातू टेकून बसले की काम झाले. पुढे कितीही आवळले तरी बाजूच्या भिंतीवर दाबलेल्या कड्याची दाबणी केसभरही वाढत नाही. तरी टेकल्यावर ठरावीक ताण द्यावा लागतो, नाहीतर दाबाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर आटे हिसका खातात. तो ताण कारखान्याने दिलेल्या आकड्याप्रमाणे मापाच्या पान्ह्यानेच द्यावा. लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश घर्षणातच खर्च होतो. कोरड्या व तेल लावलेल्या आट्यांत तोच जोर निराळा ताण देतो. बसविताना टोपण आधी थोडे उलटे फिरवावे. आटा आट्यात पडल्याची किंचित टिचकी हातास कळते, मग सुलटे फिरवावे.

आमचे कडे बाहेर काढले तेव्हा त्यावर नखाएवढा काप दिसला. बसविताना ते आट्यांच्या धारदार कडेवरून घासत गेले होते. म्हणूनच चांगल्या रचनेत आट्यांचा व्यास कड्याच्या भिंतीपेक्षा मोठा ठेवतात, व भिंतीच्या तोंडास गुळगुळीत उतार देतात. नवे कडे आम्ही तेल लावून, आट्यांवर कागद गुंडाळून आत सरकविले. त्याची किंमत चहाच्या दोन पेल्यांएवढी होती.

एक गोष्ट पालकांसाठी. गळती दिसताच नांगर जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, दांडी मागेपुढे करून दाब सोडावा. मगच पान्हा लावावा. गळती बोटाने कधीही चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली व दुखत नसली तरी तडक रुग्णालय गाठावे.