पंचगंगेवरचा शिवाजी पूल

कोल्हापुराहून पन्हाळ्याला निघाले, की वाटेत पंचगंगा लागते. काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिच्याजवळ नदीवर काळ्या दगडाचा, कमानींचा पूल आहे. हाच शिवाजी पूल.

ही वाट पुढे कोकणात उतरते. पूर्वी घाटात गाडीरस्ते नव्हते. मीठ, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवरून येई. गोणी लादलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे चालत. ब्रह्मपुरीला १९४५-४६ साली खोदकाम झाले. तेथे रोमच्या राज्यातल्या वस्तू निघाल्या. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रापलीकडचा माल येथवर येत होता!

पण नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात उतार मिळे. पावसाळ्यात नदी दुथडी भरली, की माल अडे, माणूसही अडे. अखेर १८७४ साली पुलाचे काम सुरू झाले. १८७८ साली ते पुरे झाले.

दगडाची कमान पडत कशी नाही? आधी लाकडाचा सांगाडा उभारतात. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडलेले दगड रचत येतात. शेवटचा दगड मधोमध बसवतात. मग सांगाडा काढून घेतात. प्रत्येक दगड खाली येऊ बघतो, पण शेजारचे दोघे त्याला दाबून धरतात. भार दगडादगडांतून खांबांत जातो, खांबांतून जमिनीत जातो.

हा पूल बैलगाडीच्या काळातला. पुढे त्यावरून एस.टी. आणि मालट्रक धावू लागले. म्हणून शेजारी नवा पूल बांधायला घेतला. पण ब्रह्मपुरी हे संरक्षित ठिकाण. अशा ठिकाणाजवळ बांधकामाला कायद्याची बंदी असते. काम अडून राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक लहान बस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. १३ माणसे दगावली. सारे कोल्हापूर हळहळले. २०१९ साली नवा पूल वाहतुकीला खुला झाला.

कोणी म्हणेल, “आता जुना पूल हवा कशाला?” आपण म्हाताऱ्या बैलाला घराबाहेर काढतो का? नाही. पण त्याच्या मानेवर जूही ठेवत नाही. जुने जपावे, आणि नवे ओझे वेळेवर नव्या खांद्यावर द्यावे. उशीर झाला, तर किंमत माणसांना मोजावी लागते.

सांगा पाहू :
१. पूल बांधायला किती वर्षे लागली?
२. कमानीचा भार शेवटी कोठे जातो?
३. तुमच्या गावात जुना पूल आहे का? त्याचा कठडा धड आहे का?