गाडी मागताना, गाडी देताना (ब्रिटन)

स्लावहून, सोळा वर्षांचं वास्तव्य:
भारतात विमा गाडीचा. लायसन्सवाला कोणीही चालवो. इथे विमा चालवणाऱ्याचा. पॉलिसीत नावं असतील तेवढ्यांनीच किल्ली घ्यायची. बायकोचं नाव नसेल तर बायकोनेही नाही.

दोन दिवस गाडी हवी असेल तर नेणाऱ्याने स्वतःच्या नावाने तात्पुरता विमा काढावा. तासाभराचाही मिळतो. काही पॉलिसींत दुसऱ्याची गाडी चालवायची मुभा असते, पण त्यात बहुधा समोरच्याचंच नुकसान भरून मिळतं. मित्राचा चेपलेला पत्रा आपल्या खिशातून. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, पुढे नाही. ऑफिसला एकत्र जाताना पेट्रोलचे पैसे वाटून घ्या. नफा कमावलात तर टॅक्सीचे नियम लागतात.

मिल्टन कीन्सहून:
माझं ऐका. सहकाऱ्याचे आईवडील हीथ्रोला उतरणार होते. तो म्हणाला, माझ्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालते. मी किल्ली दिली, कागद मागितला नाही. मागायचा कसा, रोज एका टेबलावर डबा खातो! येताना राउंडअबाउटवर पुढच्या गाडीला ठोकर. बंपर फुटला, डिकीत त्याच्या आईने आणलेल्या चकल्यांचा भुगा. त्याच्या पॉलिसीत ती मुभा नव्हतीच. १९८८ च्या वाहतूक कायद्यात विम्याशिवाय चालवणारा दोषी, तसाच चालवू देणाराही. ‘मला वाटलं विमा आहे’ हे कोणी ऐकत नाही. मला लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट, दंड वेगळा. इथली टेस्ट पास होऊन १४ महिनेच झालेले, आणि पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द! पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा लेखी, पुन्हा प्रॅक्टिकल. वर माझ्याच विमा कंपनीने समोरच्याला पैसे देऊन वसुलीचं पत्र मला धाडलं. फोन केला तर चाळीस मिनिटं नुसतं संगीत. सहकारी पेढे घेऊन आला होता. अजून फ्रिजमध्ये आहेत.

हॅरोहून, एक आजी:
आपल्यात दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. गाडी देऊ नका, पण स्वतः सोडायला जा. गणपती आणायला आमचे हे दरवर्षी चार घरी जातात. दसऱ्याला गाडीला हार घालताना नातवंडांना हाताशी घ्या, नाहीतर पुढे कोण करणार? आणि एक. कॅमेऱ्याने वेग पकडला की पत्र गाडी ज्याच्या नावावर त्याला येतं. कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवावं लागतं. मुलाचं करिअर आहे म्हणून आईने आपलं नाव लिहायचं नाही. पुढे मंत्री झालेल्या क्रिस ह्यूनचे पॉइंट बायकोने स्वतःवर घेतले होते. २०१३ मध्ये दोघांनाही ८-८ महिन्यांची कैद झाली. आपण घरच्याची चूक पोटात घालतो, पण पॉइंट घालता येत नाहीत.

भाड्याच्या गाडीबद्दल या वेळी कोणी लिहून पाठवलं नाही.